नळी मऊ कशानं झाली, ते आधी विचार

पोरी, साकीनाक्याच्या गाळ्यात गेल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांतच कुणीतरी तुझ्या हातात पारदर्शक नळी देईल आणि ड्रममधून कॅनमध्ये थिनर काढायला सांगेल. नळी स्वच्छ असेल, नवी असेल, चांगली वाकत असेल. तेव्हाच विचार, ही नळी मऊ कशानं झाली आहे? आणि ज्यानं मऊ झाली, त्याचं या थिनरशी किती जमतं? मरोळच्या एमआयडीसीत मी लॅबमध्ये लागले तेव्हा आमच्या फोरमननी मला सगळ्यात आधी हेच विचारायला शिकवलं. शाई, सॉल्व्हंट, मशीन हे सगळं नंतर. तेच आता तुला सांगते.

पीव्हीसी मूळचा कडक. बाथरूमच्या भिंतीवरचा राखाडी पाइप आणि ही मऊ नळी यांचं रेझिन एकाच जातीचं. मऊपणा येतो तो वरून घातलेल्या तेलानं. त्याला पुस्तकात प्लास्टिसायझर म्हणतात, गाळ्यात सगळे डीओपी म्हणतात. परदेशी कागदपत्रांत डीईएचपी लिहिलेलं दिसेल, वस्तू तीच. कंपाऊंड करणारे शंभर किलो रेझिनला चाळीस, पन्नास, कधी साठ किलोपर्यंत डीओपी घालतात. शंभराला पन्नास घातलं तर दीडशे किलो मालात पन्नास किलो तेल झालं, म्हणजे तू हातात धरलेल्या नळीच्या वजनाचा तिसरा हिस्सा. आणि हे तेल पीव्हीसीच्या साखळ्यांना रासायनिक बंधानं बांधलेलं नसतं. कणकेत मोहन घातलं की पोळी खुसखुशीत होते, पण मोहन कणकेतच राहावं अशी सक्ती नसते, कागदावर ठेवली की पोळी कागद तेलकट करते. नळीचंही तसंच. जवळ तेल ओढून घेणारं काही आलं की डीओपी तिकडे निघतं.

पाणी त्याला ओढत नाही. डीओपी पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, म्हणून बाल्कनीतल्या झाडांना पाणी घालायची नळी वर्षानुवर्षं टिकते आणि उन्हानं कडक होते तेवढीच. पेट्रोल, रॉकेल, एमटीओ, हेक्झेन यांचं वेगळं. हे पीव्हीसी विरघळवत नाहीत, त्यामुळे नळीला काही झालं असं वाटत नाही, पण आतलं तेल ते शांतपणे घेऊन जातात. टोल्युइन, झायलीन त्याहून जोरात : ते नळीत शिरतात, नळी फुगते आणि फुगलेल्या नळीतून तेलाला बाहेर पडायला वाट मोकळी होते. एमईके, अ‍ॅसिटोन, इथाइल अ‍ॅसिटेट नळी लिबलिबीत करतात. सायक्लोहेक्झानोन तर पीव्हीसी विरघळवतंच, स्क्रीन प्रिंटिंगवाले पीव्हीसीवरच्या शाईत ते घालतात ते याच गुणासाठी. एनसी थिनरमध्ये यातल्या दोन-तीन जाती एकत्र असतात. स्पिरिट आणि आयपीए सावकाश ओढतात, पण ओढतात.

आता यातली खरी अडचण ऐक. थिनर आत शिरत असतो आणि तेल बाहेर जात असतं, दोन्ही एकाच वेळी. त्यामुळे ओली नळी पहिल्यापेक्षा मऊ लागते. काम करणारा मुलगा दाबून बघतो आणि म्हणतो, नळी मस्त आहे. रविवारी गाळा बंद असतो, नळीतला थिनर उडून जातो, सोमवारी नळी काठीसारखी ताठ, आखूड आणि पांढुरकी झालेली सापडते. तोवर तिच्यातलं तेल मागच्या आठवड्याच्या सगळ्या कॅनमध्ये जाऊन बसलेलं असतं. आणि जिथं नळी कधी वाळतच नाही, रोज सतत ओली असते, तिथं तर ती कडक झाल्याचं कुणाला दिसतच नाही. म्हणून नळी दाबून बघण्यावर कधी विसंबू नकोस. कॅनमध्ये काय आलं ते बघ.

बघायची रीत सोपी आहे. काचेची एक स्वच्छ पट्टी घे. ड्रममधला मूळ थिनर, नळी न लावता काचेच्या नळीनं काढलेला, त्याचे दोन थेंब एका टोकाला टाक. नळीतून आलेल्या थिनरचे दोन थेंब दुसऱ्या टोकाला. वाळू दे, ठिणगी-ज्योतीपासून लांब आणि हवा खेळती असेल अशा ठिकाणी. मूळ थिनरची जागा कोरडी होईल. नळीतून आलेल्याच्या जागी तेलकट वर्तुळ उरलं, बोट लावलं की सरकलं आणि दुसऱ्या दिवशीही वाळलं नाही, तर नळीचं तेल आलं आहे. हेक्झेन ६९ अंशांना उकळतं, टोल्युइन १११ ला, डीओपी ३८० अंशांच्याही वर. थिनर उडून जातो, ते बसून राहतं.

वजनानंही बघता येतं. नळीचा दहा ग्रॅमचा तुकडा काप, काचेच्या बाटलीत त्याच सॉल्व्हंटमध्ये झाकण लावून रात्रभर ठेव. काढून पुसून लगेच वजन केलंस तर ते बहुधा वाढलेलंच दिसेल. हे वजन फसवं. तो तुकडा हवेशीर जागी ठेव, वजन स्थिर होईपर्यंत रोज बघ आणि वहीत लिही. समज शेवटी साडेसात ग्रॅम भरलं : अडीच ग्रॅम तेल बाटलीत गेलं. पुरवठादार नळीची जाहिरात ‘केमिकल रेझिस्टंट’ म्हणून करत असेल तर त्याच्यासमोर ही वही ठेव. कुठल्या केमिकलला, किती तापमानाला, किती तासांसाठी, हे त्यानं सांगितलंच पाहिजे. मे महिन्यात पत्र्याखालच्या गाळ्यात जी नळी महिना टिकत नाही, ती डिसेंबरात बरी वाटते, कारण उष्णतेनं ही ये-जा फार वाढते.

आमच्या ओळखीच्या एका गाळ्यात हेक्झेननं वनस्पतींचा अर्क काढायचे. नवी नळी लावल्यावर अर्काचा उतारा अचानक वाढला. सगळे खूश. आमच्या लॅबकडे नमुना आला तो वासाच्या तक्रारीमुळे : अर्क पातळ लागत होता आणि सुगंध मंद झाला होता. इन्फ्रारेडवर १७२५ च्या आसपास एस्टरचा मोठा पट्टा दिसला आणि पुढे मास स्पेक्ट्रोमीटरवर १४९ हा आकडा ठळक आला. थॅलेट म्हणजे डीओपीच्या जातीची तेलं, ती ओळखायचा हा सगळ्यात ओळखीचा आकडा आहे. हेक्झेन उडवल्यावर उरलेलं सगळं अर्क म्हणून मोजलं जात होतं आणि त्यात नळीचं तेल होतं. तो माल माणसांच्या अंगाला लागणार होता, म्हणून मला आजही त्याचा राग येतो. वजन वाढलं तर आनंद मानायच्या आधी विचारायचं, हे वजन कुणाचं?

शाईच्या धंद्यात तर हे आणखी अवघड. नायट्रोसेल्युलोजच्या शाईत डीबीपी किंवा दुसरा प्लास्टिसायझर मुद्दाम घालतात, नाहीतर छपाईचा थर तडकतो. पण तो मोजून घालतात. नळीतून न मोजलेला आला की शाई वरून वाळल्यासारखी दिसते, पिशव्यांचा गठ्ठा बांधला की एकीची छपाई दुसरीच्या पाठीला चिकटते. मग छापणारा शाईवाल्याला दोष देतो, शाईवाला थिनरवाल्याला. नळीकडे कुणाचं लक्ष जात नाही.

मग काय वापरायचं? पॉलिथीन आणि पॉलिप्रॉपिलीन यांत असं तेल घातलेलं नसतं, म्हणून लॅबच्या वॉश बॉटल पॉलिथीनच्या असतात. ते थोडे ताठ असतात, वाकवताना मुडपतात, ते सहन कर. टेफ्लॉनची नळी जवळजवळ सगळ्याला चालते, महाग आहे, पण तू नमुने काढणार असशील तर एक मीटर तुझ्यासाठी वेगळी मागून घे आणि तिच्यावर नाव लिही. सिलिकॉनमध्ये डीओपी नसतं, पण हेक्झेन-टोल्युइनमध्ये ती फुगून दुप्पट होईल. नायट्राइल रबर पेट्रोलला चांगलं, एमईकेला अजिबात नाही. ईपीडीएमचं बरोबर उलटं. व्हायटॉन टोल्युइनला उत्तम, एमईके-अ‍ॅसिटोनसारख्या कीटोनला कुचकामी. एक नळी सगळ्या कामांना, हा विचारच सोडून दे. आणि रबरातही तेलं घातलेली असतात, त्यामुळे काचेच्या पट्टीची परीक्षा रबरालाही लाव.

नळी कशाची आहे हेच माहीत नसेल तर नखाएवढा तुकडा पाण्याच्या ग्लासात टाक आणि बोटानं खाली दाबून त्याच्यावरचे बुडबुडे काढ. पॉलिथीन, पॉलिप्रॉपिलीन तरंगतात. बुडला तर पीव्हीसीचा संशय घे. लॅबमध्ये पक्कं करायचं तर तांब्याची तार लाल तापवून प्लास्टिकला टेकवायची आणि परत ज्योतीत धरायची. हिरवी ज्योत म्हणजे क्लोरीन. गाळ्यात हे कधीही करायचं नाही, तिथं पाण्याचा ग्लासच.

स्वस्तातल्या नळ्यांत डीओपीचा काही भाग कापून सीपी, म्हणजे क्लोरिनेटेड पॅराफिन, घातलेलं असतं. ती नळी तशीही घाम आल्यासारखी चिकट होते. दुकानातच बोटाला तेल लागलं तर परत ठेव. तेलाच्या रेणूचं वजनही लक्षात ठेव : डीबीपीचं २७८, डीओपीचं ३९०, डीआयएनपीचं ४१८. लहान रेणू लवकर पळतो, मोठा सावकाश, आणि पॉलिमरिक प्लास्टिसायझर सगळ्यात सावकाश. पेट्रोल-तेलाच्या संपर्कातल्या चांगल्या कंपाऊंडमध्ये म्हणून पॉलिमरिक घालतात आणि म्हणून ते महाग पडतं.

आता जे सांगते ते मालापेक्षा मोठं आहे. तेल निघून गेलेली नळी आखडते. जुबली क्लिपखाली ती आधी घट्ट बसलेली असते, आता तिच्यात चेपून बसायला मऊपणाच उरलेला नसतो. पंप चालू केला की टोकाकडून ती निसटते किंवा क्लिपजवळ चिरते. टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट ४ अंश सेल्सिअस आहे. मुंबईत असा एक दिवस नसतो ज्या दिवशी सांडलेल्या टोल्युइनची वाफ पेट घेणार नाही. शिवाय हेक्झेन, टोल्युइन, एमटीओ हे वीज वाहून नेत नाहीत, प्लास्टिकच्या नळीतून जोरात वाहिले की स्थिर वीज साठते. ड्रम आणि कॅन दोन्ही धातूचे, दोघांना तांब्याच्या वायरीनं जोडलेलं, ड्रमला अर्थिंग, आणि मोठ्या कामाला आत तार असलेली, दोन्ही टोकांना जोडता येणारी होज. हे नसेल तर काम सुरू करू नकोस. कुणी घाई करेल, कुणी हसेल, तरी नाही. तोंडानं ओढून सायफन लावायचा तर विचारही नको. हातपंप घ्यायला सांग. साकीनाका, मरोळच्या दाट वस्तीत एका गाळ्याची आग त्या एका गाळ्यापुरती राहत नाही.

हातमोजेही याच हिशोबातले. दुकानात पातळ, पारदर्शक, स्वस्त ‘व्हिनाइल’ मोजे मिळतात, ते पीव्हीसीचेच. थिनरमध्ये ते हाताला संरक्षण कमी देतात आणि स्वतःचं तेल थिनरला जास्त. जपानमध्ये २००० साली तयार जेवणाच्या डब्यांत डीईएचपी सापडलं. शोध घेतल्यावर ते जेवण हाताळणाऱ्यांच्या पीव्हीसी मोज्यांतून आल्याचं निघालं, आणि मोज्यांवर निर्जंतुकीसाठी अल्कोहोल फवारल्यानं ते अधिकच सुटत होतं. तिथल्या सरकारनं त्याच वर्षी असे मोजे अन्नासाठी वापरू नयेत असं सांगितलं. तू शाईकडे नायट्राइल मोजे वापर, कीटोन असेल तर जाड ब्यूटाइल रबराचे. गाळ्यात एखादी बाई गरोदर असेल तर तिला या कामावरून बाजूला ठेवायला सांग. डीबीपी आणि डीईएचपी या दोघांनी प्राण्यांच्या पिलांच्या, विशेषतः नरांच्या जननेंद्रियांच्या वाढीला धोका होतो हे प्रयोगांत दिसलेलं आहे, आणि युरोपनं दोघांना प्रजननाला घातक पदार्थांच्या यादीत ठेवलं आहे.

घरातली चार कामंही सांगून ठेवते, तुझ्या आईलाही सांग. खोडरबर प्लास्टिकच्या पट्टीला चिकटून तिच्यात खड्डा पडतो ना, तो याच तेलानं. पीव्हीसीचं खोडरबर, पॉलिस्टायरीनची पट्टी. खोडरबराचं कागदी वेष्टन मुलं फाडून टाकतात, ते राहू द्यायला सांग. थर्माकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरीनच. गणपतीचा मखर थर्माकोलचा असायचा तेव्हा बोरिवलीच्या आपल्या घरी विसर्जनानंतर तो दिव्यांच्या माळेसकट माळ्यावर जायचा, आणि पुढच्या भाद्रपदात काढला की वायर जिथं टेकली होती तिथं नागमोडी चर पडलेले असायचे. उंदीर नव्हते ते. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, पण टीव्ही-मिक्सरच्या खोक्यांतलं थर्माकोल अजून घरोघर आहे. वायर त्याला लावून ठेवू नका, वायरचं वरचं आवरणही त्यानं कडक होतं. फ्रिजच्या दाराचं रबर बहुतेक वेळा मऊ पीव्हीसीचं असतं, ते साबणाच्या पाण्यानं पुसायचं, रॉकेल-स्पिरिटनं नाही. सोफ्याच्या रेक्झिनला जिथं डोकं टेकतं तिथं ती आधी तडकते, ते डोक्याच्या तेलानं, तिथं सुती कापड घाला. ज्या झेरॉक्स, शाळेचे दाखले जपायचे आहेत ते मऊ, चमकदार फाइलमध्ये ठेवले तर काही वर्षांत अक्षरं प्लास्टिकवर उमटतात आणि कागदावरून निघून येतात. ताठ पॉलिप्रॉपिलीनचे फोल्डर आणा.

लोणच्याच्या काचेच्या बरणीचं पत्र्याचं झाकण उलटं करून बघ. आत मऊ रिंग असते. तीही बऱ्याचदा पीव्हीसीची, पण तिच्यात सहसा एपॉक्सिडाइज्ड सोयाबीन तेल घालतात. तेलाचा तवंग सतत तिला लागला तर ती आपलं तेल लोणच्याला देणारच. बरणी उभी ठेव, आडवी नाही, आणि जुनी झाकणं पुन्हा पुन्हा वापरू नकोस.

स्कूटरची पेट्रोलची नळी गॅरेजवाल्यानं पारदर्शक बसवली तर परत काढून घे. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, तेलाला दोघंही ओढतात. मूळ कंपनीची काळी नळीच हवी.

दवाखान्यात ही गोष्ट डॉक्टरांना आणि नर्सना चांगली माहीत असते. कॅन्सरसाठी पॅक्लिटॅक्सेल नावाचं औषध देतात. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून एरंडेलापासून केलेल्या विद्रावकात येतं, आणि तो विद्रावक साध्या पीव्हीसी पिशवीतून, सेटमधून डीईएचपी ओढतो. म्हणून ते काचेच्या किंवा पॉलिओलेफिनच्या बाटलीत मिसळतात आणि आतून पॉलिथीन असलेल्या सेटनं देतात. आपलं माणूस त्या खाटेवर असेल तर सेट पीव्हीसी-विरहित आहे ना, हे नम्रपणे विचारायला हरकत नाही. रक्ताच्या पिशवीत मात्र उलटा प्रकार झाला : पीव्हीसीतून रक्तात उतरणारं डीईएचपी तांबड्या पेशींचं आवरण टिकवून धरतं, साठवलेलं रक्त चांगलं राहतं. म्हणूनच तिथं त्याला पर्याय शोधणं जड गेलं.

काही अडलं तर लांब जायला नको. मरोळच्या एमआयडीसीत भारतीय मानक ब्यूरोचं मानकालय आहे, आणि अंधेरीतच १९६६ साली सुरू झालेली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंग. प्लास्टिक उत्पादकांची अखिल भारतीय संघटना एआयपीएमए, तीही तिथलीच. अन्नाला लागणाऱ्या प्लास्टिकमधून किती काही उतरतं याची परीक्षा आयएस ९८४५ प्रमाणे होते, तेलकट अन्नाऐवजी त्यात हेप्टेन वापरतात, आणि एकूण मर्यादा किलोमागे ६० मिलिग्रॅम आहे. खेळण्यांसाठी आयएस ९८७३ चा एक भाग थॅलेटसाठीच आहे, आणि १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. मालकाला तोंडी सांगून पटत नसेल तर मानकाचा क्रमांक कागदावर लिहून टेबलावर ठेव. आमच्याकडे तेच चालायचं.

आणि ताठ झालेल्या नळ्या. त्या गाळ्यामागे पेटवू देऊ नकोस, पीव्हीसी जळाला की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ होते आणि शेजारच्या चाळीतली मुलं खोकत बसतात. त्यांचं दुसरं काही करून पुन्हा वापरातही आणू देऊ नकोस : थिनरची जुनी नळी धुऊन पिण्याच्या पाण्याच्या टाकीला लावलेली मी पाहिली आहे. दोन तुकडे कर म्हणजे कुणी उचलणार नाही, उघड्यावर पूर्ण वाळू दे, वेगळ्या गोणीत भर, गोणीवर ‘सॉल्व्हंट लागलेला पीव्हीसी’ असं मार्करनं लिही आणि घातक कचरा उचलणाऱ्यांकडे दे. ड्रमच्या कार्डावर नवी नळी कुठल्या तारखेला लावली ते लिहायचंही तुझ्याच हातानं कर.